उंडीखारची काळी टाचणी

आधी माझ्या हातच्या वस्तू सांगतो, म्हणजे पुढची धडपड कशासाठी ते कळेल. घरातला तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना; बारा पायऱ्या सात इंची आणि सगळ्यात खालची पावणेसात, ती तशी का हे मला एकट्याला माहीत आहे. ओट्याखालची कपाटं. गणपतीचं घडीचं मखर, त्यात खिळा एकही नाही. पितळेचा ओळंबा, लेथवर स्वतः काढलेला. सागवानाची एक फळी, चार फूट सव्वादोन इंच लांब, तिच्याबद्दल पुढे येईलच. आणि चार तालुक्यांचे उठावाचे नकाशे: पेण, रोहा, अलिबाग आणि मुरुड.

मी कारखान्यात टर्नर होतो. नकाशे करायला मला कोणी शिकवलं नाही. रद्दीच्या दुकानातली भूगोलाची पुस्तकं आणि पायांतल्या चपला, एवढंच माझं शिक्षण. मुरुडचा नकाशा चारांत मोठा. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. तीन मिलिमीटरचा प्लायवूड, वीस मीटर उंचीला एक थर, प्रत्येक थर वेगळा कापून एकावर एक चिकटवलेला, वरून भुसा आणि सरस. यामुळे डोंगर खऱ्यापेक्षा पावणेचार पट उंच दिसतात. हे मी कोपऱ्यात लिहून ठेवतो, लपवत नाही. प्रत्येक गावाला पितळी टाचणी, लोकसंख्येप्रमाणे तिचं डोकं लहानमोठं. ज्या गावात कोणीच राहत नाही, ज्याला सरकारी यादीत बेचिराग म्हणतात, त्याला काळी टाचणी. या कामाला अकरा महिने लागले.

नकाशाचा फोटो मी याच ब्लॉगवर टाकला आणि गुरुवारी सकाळी त्याखाली शारजाहून एक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याचं नाव मुदस्सर. 'काका, नकाशा मस्त. पण उंडीखारला काळी टाचणी का? माझी फुफी राहते तिथं.'

फुफी म्हणजे आत्या. मी यादी काढली. मुरुड तालुका, उंडीखार, लोकसंख्या शून्य. पुन्हा पाहिली. शून्यच. तसं त्याला कळवलं. अर्ध्या तासात उत्तर: 'यादी बरोबर असेल काका. पण फुफी पण आहे.'

सोमवारी नकाशा न्यायला टेम्पो येणार होता. किनाऱ्यावर बंगल्यांचा प्रकल्प काढणारे एक शेठ आहेत, त्यांना तो ऑफिसच्या दर्शनी भागात ठेवायचा होता. व्यवहार ठरला होता. त्या पैशांत गच्चीची गळती निघणार होती, आणि गच्चीचं काम यंदा काढलं नाही तर स्लॅबची सळई उघडी पडेल, हेही मीच बायकोला मोजून दाखवलं होतं. शुक्रवारी मी त्या टाचणीसमोर तीनदा जाऊन उभा राहिलो. सुनंदा, म्हणजे आमची ही, शेवटी म्हणाली की जाऊन या एकदाचे, नाहीतर सोमवारपर्यंत तुमच्याकडे बघवणार नाही.

शनिवारी सकाळी सहा दहाची अलिबाग एसटी पकडली. पेण ते अलिबाग तीस किलोमीटर, रस्ता वडखळपर्यंत रुंद आणि पुढे नशिबावर. अलिबागला गाडी बदलून मुरुडची धरायची. डावीकडची खिडकी मिळाली तर सोडून द्या, समुद्र उजव्या हाताला आहे. चौलच्या वाड्यांमधून गाडी जाते तेव्हा सुपारीची सावली थेट अंगावर येते, पण मला त्यात लक्ष नव्हतं. रेवदंड्याला एक कोळीण मोठी टोपली घेऊन चढली. गाडी गच्च. कंडक्टर म्हणाला, मावशी, टोपलीचं अर्धं तिकीट काढायला लागेल.

"टोपली बसलेय का कुठं?" ती म्हणाली. "मीच उभी हाय."

सगळी गाडी हसली. मीही हसलो, आणि लगेच मनात आलं की ही बाई रेवदंड्याच्या आकड्यात आहे की नाही कोण जाणे.

रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली की साळावला मुरुड तालुका लागतो. जाणार असाल तर हा तालुका असा लक्षात ठेवा: उत्तरेला ही खाडी, दक्षिणेला राजपुरीची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला फणसाडचं जंगल. चारी बाजूंनी अडवलेला, म्हणून अरुंद आणि लांब. गावं बहुतेक किनाऱ्याच्या रेघेवर नाहीतर खाडीच्या काठाला. मधल्या डोंगरात वाड्या तुरळक. जंजिऱ्याच्या नवाबाच्या वेळी संस्थान खाडीच्या दोन्ही अंगांना होतं, मुरुड अलीकडे, म्हसळा-श्रीवर्धन पलीकडे. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. तालुके वेगळे राहिले, पण सोयरिकी अजून खाडी ओलांडून होतात. लोकसंख्येचे आकडे इथे देत नाही. या प्रवासानंतर ते देताना माझा हात थोडा अडतो.

मुरुडला साडेदहाला उतरलो. लॉज बाजाराच्या मागे, शनिवार-रविवारचा भाव चौदाशे, एरवी नऊशे. गरम पाणी सकाळी सात ते आठ, मिनिटभर उशीर झाला तर नाही. बांगड्याची थाळी दोनशे वीस, सोलकढी वेगळी. थाळी उत्तम होती असं म्हणतात. मी वाढणाऱ्याला उंडीखारबद्दल विचारलं, तो म्हणाला नाव ऐकलंय. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला तिथं आता कोण नाही, विहिरी खारट झाल्या, लोक मुंबईला आणि गल्फला गेले.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुपारी आगरदांड्याला गेलो. मुरुडपासून आठ किलोमीटर असेल. तिथून दिघीची फेरीबोट सुटते, गाड्यांसकट माणसं पलीकडे नेते, वेळ पंधरा-वीस मिनिटं. मला दिघीला काही काम नव्हतं. खाडीच्या मध्यातून आतल्या बाजूला उंडीखार दिसतं का, तेवढं बघायचं होतं. कठड्याशी उभा राहून दुर्बीण लावली. तिवरांची, म्हणजे खारफुटीची, हिरवी भिंत, मागे उंडीच्या झाडांचे दोन गोल माथे, कौलाचा एक कोपरा. धूर नाही. माणूस नाही. दोरखंड गुंडाळणारा बोटीवरचा माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला विचारलं. "तिथं कोण न्हाय ऱ्हात," तो म्हणाला. परतीच्या बोटीतून पुन्हा पाहिलं. तेच.

संध्याकाळी समुद्रावर बसलो असताना शेठचा फोन आला. सोमवारी टेम्पो दहाला पाठवतो म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं, दक्षिणेकडचा खाडीचा भाग नकाशावर मोकळा दिसतो ना? मी म्हटलं, एका गावाची शंका आहे, उद्या बघून येतो. ते हसले. यादीत शून्य आहे ना, म्हणाले, मग तुम्ही कशाला जाताय चिखलात? आम्हाला तिथेच तर प्लॉट दाखवायचेत, शांत, निर्मनुष्य किनारा. मी फोन ठेवला.

रविवारी साडेनऊला रिक्षा ठरवली. रिक्षावाले बाळाराम, वय माझ्याएवढंच, कोळीवाड्यातले. जाऊन-येऊन थांबून साडेतीनशे. उंडीखार म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा तिथी विचारली. मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. "आज षष्ठी," ते म्हणाले. "साची पाऊणपट किती? साडेचार. साडेचारला भरती. म्हंजे साडेधाला पानी सगलं भाहेर. तवाच पार होयाचं."

हा हिशोब किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. मी मोबाइलवर पडताळून पाहिला. दहा-पंधरा मिनिटांचा फरक. उंडीखारला जायची वाट जुन्या बांधावरून आहे आणि बांध एका ठिकाणी फुटलेला. तिथे चाळीसेक पावलं खाडीच्या तळातून चालायचं. बाळाराम म्हणाले, साडेबाराच्या आत मागं फिरा, एक वाजला तर कंबरेला पाणी, आणि मी तुमच्यासाठी पोहत येणार नाही, माझी रिक्षा नवी हाय. तिथं कोणी राहतं का, विचारलं. ते रिक्षाच्या आरशात बघत म्हणाले, जाऊन तर बघा.

चपला हातात घेतल्या, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पँट गुडघ्यावर. चिखल घोट्यापर्यंत, मऊ, खाली शिंपल्यांची धार. दोन्हीकडे तिवरं, त्यांच्या मुळांत खेकड्यांची भोकं. मी पावलं मोजतो, ती सवयच आहे. फुटलेल्या जागेपासून पहिल्या घरापर्यंत अकराशे चाळीस. सगळी वाट मी एकच गोष्ट घोकत होतो: कोणी नसू दे. माणूस असा विचार करतो याची नंतर लाज वाटते. त्या वेळी वाटली नाही.

घरं सात. दोन घरांची छपरं बसलेली, पाचांना कुलपं. एका कुलपाला मेणकापड गुंडाळलेलं, गंजू नये म्हणून. लहानशी मशीद, दार ओढून घेतलेलं. सगळं चिडीचूप. मी सुटल्यासारखा श्वास घेतला आणि खाली बघितलं. मशिदीसमोरच्या अंगणात खराट्याच्या रेघा होत्या. ताज्या, एकसारख्या, अर्ध्या वर्तुळांच्या, पान पडलं नव्हतं त्यांच्यावर.

तिथेच उभा राहिलो. अकरा महिन्यांचं काम, आणि खराट्याने ते खोटं ठरवलं.

घरांच्या पलीकडे आतला बांध आहे आणि बांधाला उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी शेतात घुसू नये आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेली दगडी खाच. खाचेत फळी बसवतात. भरतीच्या आधी फळी टाकायची, ओहोटीला काढायची. साठीच्या पुढची एक बाई तिथे गुडघे टेकून फळी ओढत होती. डोक्यावरची ओढणी कानांमागे खोचलेली. मान न वळवता तिने विचारलं, "गणतीवाला हायस?"

मी म्हटलं, नाही, मी नकाशे करतो, मुदस्सरने सांगितलं.

"त्याला काय, तिथं बसून माझी फिकीर. आधी ही फळी धर."

धरली. फळी जुनी, एका कडेला झिजलेली. बोटभर फट राहत होती आणि फटीत तिने चिंध्या कोंबल्या होत्या. मी खिशातली टेप काढून माप घेतलं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांचं नाव रुकय्या. मी सगळ्यांसारखं फुफीच म्हणालो.

पाच कुलपांतलं एक त्यांचं होतं; ते उघडून, ओट्यावर बसवून त्यांनी गवती चहा दिला, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. आदल्या दिवशीची दोनशे वीसची थाळी मला आठवत नाही. ही भाकरी आठवते. गोडं पाणी शेजारच्या गावातल्या एकाच्या होडीतून येतं. आतल्या बांधामागची शेतं शेजारच्या गावाची आहेत, त्या गावाने या कामाबद्दल वर्षाला भात द्यायचं, हे त्यांच्या सासऱ्यापासून चालत आलेलं. मुलं नाहीत. बाकीचे गेले तेव्हा त्यांनाही सगळे बोलावत होते. पण दिवसातून दोनदा फळी टाकायला-काढायला माणूस हवा, आणि दुसरा कोणी मिळाला नाही.

मग मी तो प्रश्न विचारला. गणतीत तुमचं नाव का नाही?

त्या जरा ओशाळल्या. नाव आहे, म्हणाल्या, पण मुरुडला. मुरुडात त्यांच्या भावाचं मोठं घर आहे, मुलं सगळी गल्फला. गणतीवाला यायचा असतो तेव्हा भाऊ माणूस पाठवून बहिणीला बोलावतो, स्वतःच्या मुलांची नावंही सांगतो, ती शारजात असली तरी. सरकारकडून काही मिळवायचं म्हणून नाही. "एवढं घर, नि सांगायला दोन म्हातारी माणसं? भाईला शरम वाटते. घर भरलेलं दिसाया पायजे." त्या सकाळच्या ओहोटीला फळी काढून निघायच्या, भावाकडे जेवायच्या, नाव लिहवून घ्यायच्या आणि भरतीच्या आधी फळी टाकायला परत. मागची गणती त्यांच्या एका ओहोटीत बसली होती.

म्हणजे मुरुडला नसलेली माणसं होती आणि उंडीखारला असलेलं माणूस नव्हतं. माझ्या डोक्यात बाकीच्या टाचण्या फिरायला लागल्या. चार तालुके. किती घरांतून अशी किती मुलं?

मी फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, बोटाने खाडी शोधली, मग बांध, मग टाचणी.

"हा काळा म्हंजे मी?"

"काळा म्हणजे कोणी नाही."

"मग अंगण कोण झाडतो, जिन?"

मी सांगितलं की आजच्या आज बदलतो, पितळी लावतो, सगळ्यात लहान डोक्याची, एका माणसाची. वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"मग मुरुडातला एक कमी कर. मी दोन जागी कशी असन?"

मी म्हटलं, मुरुडची टाचणी मोठी आहे फुफी, एकाने काही दिसणार नाही.

"तुला दिसत नसंल. लिहून तर ठेव."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यापेक्षा काटेकोर माणूस भेटला. मी वही काढली आणि त्यांच्यासमोर लिहिलं: मुरुड, वजा एक. मग त्यांनी आणखी एक सांगितलं. पुढच्या गणतीला त्या भावाकडे जाणार नाहीत, तो रागावला तरी. गणतीवाल्यालाच इथे यावं लागेल. पण तो बिचारा नवखा, भरतीत अडकायचा. "तुझ्या नकाशावर वेळ लिही. साडेधा-अकराला वाट उघडी, आज षष्ठी म्हनून. रोजची येगली. ते गुणायचं कसं तेबी लिही."

घड्याळात बारा पस्तीस झाले होते. मी पळालो, अक्षरशः. फुटलेल्या जागेत पाणी मांडीला लागलं, तळ दिसेना, एकदा पाय खड्ड्यात गेला आणि छातीपर्यंत भिजलो. पिशवीतला फोन डोक्यावर धरलेला. पलीकडे बाळाराम बिडी ओढत उभे. भेटली का, एवढंच त्यांनी विचारलं. तुम्हाला माहीत होतं, मी म्हटलं. ते म्हणाले, होतं, पण तुम्ही सरकारी असता तर मला काय खबर, म्हातारीला उठवायला आलाय का काय.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. चिखल वाळून पँट पत्र्यासारखी झालेली. सुनंदाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि तिने विचारलं, आपल्याकडे गणतीवाला आला की तुम्ही किती सांगणार? चार, मी लगेच म्हणालो. दोन्ही मुलं सहा वर्षं पुण्याला आहेत, तिथेच राहणार आहेत. तिने चहा ठेवला. दोन कपांचा.

त्याच संध्याकाळी काळी टाचणी पकडीने उपटली आणि लहान डोक्याची पितळी लावली. खाडीच्या जागी पितळेची छोटी पट्टी बसवली: उंडीखार, वाट ओहोटीला, तिथीची पाऊणपट अधिक सहा तास.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, नवी फळी घेऊन. सागवान, एक इंच जाडी, कडेला उतार दिलेला, कारण दगडी खाच सरळ नाही, खाली पाव इंच अरुंद होत जाते. तो पाव इंच मी आधीच ओळखला होता. पहिल्या दणक्यात बसली. फुफींनी चिंध्या काढून वाळत घातल्या आणि फटीला हात लावून पाहिला. कोरडा. तुम्ही गेलात तर मशिदीसमोरच्या अंगणातून चालू नका, कडेने जा. आणि गोडं पाणी घेऊन जा, दोन बाटल्या, एक ठेवून यायला.

नकाशा अजून आमच्या पुढच्या खोलीत आहे. पाहुणे आले की दिवाण भिंतीला सरकवावा लागतो. गच्चीखाली बादली आहे. बाकीच्या तीन तालुक्यांच्या काळ्या टाचण्या मी पुन्हा तपासायला घेतल्यात. रोह्याची एक झाली, ते गाव खरंच रिकामं निघालं, आणि त्याचाही मला त्रास झाला.

काहींनी विचारलंय, सोमवारी टेम्पो आला तेव्हा काय झालं. टेम्पो दहाला आला, शेठ त्याच्या मागून स्वतःच्या गाडीने. त्यांनी नकाशाभोवती एक फेरी मारली, पट्टी वाचली, पितळी टाचणीवर बोट ठेवलं आणि एका म्हातारीसाठी का, असं विचारलं. हो म्हटलं. व्यवहार ठरला होता एक लाख साठ हजारांचा. पट्टी काढून काळी टाचणी परत लावली तर किती देतील, ते त्यांनी जाताना जिन्याच्या पावणेसात इंची पायरीवर अडखळत सांगितलं, आणि मी नाही म्हटलं. दोन लाख दहा हजार रुपये.